तिसऱ्या पिपातली सिल्वानर

माझ्या दाजींना, म्हणजे बुर्कार्ड श्लेरेटना, गोड वाइन आवडत नाही असं म्हणणं फारच सौम्य होईल. त्यांना तो स्वतःचा अपमान वाटतो. एकदा वुर्त्सबुर्गला कुणाच्या तरी लग्नात त्यांच्यापुढे गोडसर रीसलिंग आली. त्यांनी पेला नाकाशी नेला, तसाच खाली ठेवला आणि वाढणाऱ्या मुलीला विचारलं, "बाळ, ही जेवणाबरोबर घ्यायची की खोकल्यावर?" ती बिचारी रडकुंडीला आली. माझी ताई, लिओबा, टेबलाखालून त्यांना पाय मारत होती आणि ते आपले मख्ख चेहरा करून बसले होते. मी ताईपेक्षा तीन वर्षांनी धाकटी. त्यांच्या घरापासून दोन दारं सोडून राहते, त्यामुळे हा माणूस मी गेली बावन्न वर्षं फुकटात बघते आहे.

आमचं एर्लहाइम माइन नदीच्या वळणावर आहे. मागं हाझनलाइटं, म्हणजे सशांचा उतार, आणि त्या उतारावर दाजींच्या द्राक्षवेली. माती म्हणावी तर ती नाहीच, सगळी शिंपल्यांच्या चुनखडीची खडी. चढताना पाय घसरतो आणि उतरताना गुडघे बोलतात. दाजींचं म्हणणं असं की सिल्वानर, म्हणजे आमची इथली कोरडी पांढरी वाइन, प्यायल्यावर जिभेला हा दगड लागला पाहिजे. दगड लागला नाही तर ती वाइन नव्हे, सरबत. आमच्या फ्रँकन भागात हे मत बहुतेकांचं आहे, पण बाकीचे ते मत बाळगून गप्प राहतात. दाजी ते ऐकवतात.

तळघरात त्यांची तीन ओकची पिपं. दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात फाटकावर हिरव्या फांद्यांची जुडी टांगायची, अंगणात चाळीस खुर्च्या मांडायच्या आणि लोकांना घरची वाइन आणि घरचं जेवण वाढायचं, असा इथल्या द्राक्षवाल्यांचा जुना रिवाज. कायदाही तेवढीच परवानगी देतो. स्वयंपाकघर ताईचं, वाइन दाजींची. कुणी काय प्यायचं हे मात्र गिऱ्हाइकानं ठरवायचं नाही. शतावरीचे पांढरे कोंब आणि वितळलेलं लोणी मागितलं की पहिलं पीप. व्हिनेगरच्या पाण्यात कांद्याबरोबर शिजवलेले सॉसेज मागितले की दुसरं. फ्रँकफुर्टहून आलेल्या एका साहेबांनी शतावरीबरोबर बिअर मागितली, तर दाजींनी त्यांना नदीचा रस्ता दाखवला. "पलीकडच्या काठावर मिळते. फेरीबोट दहा मिनिटांत आहे." साहेब हसले. दाजी हसले नाहीत. मग साहेबांनी मुकाट्यानं सिल्वानर घेतली, आणि गेली अकरा वर्षं ते दर मेमध्ये येताहेत.

अशा घरात सून आली ती मोझेलची! तिकडे रीसलिंग पिकते आणि वाइनमध्ये थोडा गोडवा राहिला तर लोक देवाचे आभार मानतात. मार्लीसच्या वडिलांनी लग्नात सहा बाटल्या प्रेमानं आणल्या होत्या. दाजींनी त्या धुण्याच्या खोलीत ठेवल्या, साबणाशेजारी. तेव्हापासून ते सुनेला 'मोझेलबाई' म्हणतात. आणि ती काही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हे.

"मोझेलबाई, आज सूपमध्ये साखर घातली नाहीस ना?"

"नाही बाबा. तुमची वाइन घातली. आता सगळ्यांचे दात आंबतील."

सत्तावीस वर्षं हे चाललंय. माझा भाचा लोथार, म्हणजे मार्लीसचा नवरा, दोघांच्या मध्ये बसून जेवतो आणि कुणाचीच बाजू घेत नाही. त्याला मी भित्रा म्हणायचे. आता वाटतं, तोच शहाणा.

त्या वर्षी द्राक्षतोडणी सप्टेंबरच्या शेवटी संपली. ताई चौऱ्याहत्तर वर्षांची, तरी उतारावरची तिची ओळ तिनं दुसऱ्या कुणाला तोडू दिली नाही. अकरा ऑक्टोबरला सकाळी ती स्वयंपाकघरात भांडी पुसायच्या कापडांच्या घड्या करत होती. नऊ घड्या झाल्या होत्या. दहावी हातात राहिली. मला अजून तिचा राग येतो. इतकं आयुष्य बरोबर काढलं आणि जाताना एक शब्द नाही.

दाजी रडले नाहीत. उठले आणि तळघरात गेले. तिथं वाइन आंबत होती, तिला कुणाच्या मरणाशी काय घेणं? पिपाला कान लावला की आत बुडबुड ऐकू येते. पहिली दोन पिपं जवळजवळ शांत झाली होती. तिसरं अजून बडबडत होतं. त्यात उशिरा तोडलेली द्राक्षं होती, ताईच्या ओळीतली.

आता इथं मला एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वाइन आंबताना जो वायू सुटतो तो तळघरात साचतो आणि माणूस गुदमरून मरू शकतो. म्हणून दाजी संध्याकाळी अंगणाकडची झडप उघडतात, जड लाकडी झडप, आणि हवा खेळू देतात. हे त्यांच्या वडिलांनी शिकवलं. झडप बंद कधी करायची हे बहुधा वडील शिकवायचे विसरले, कारण दाजी ती उघडायचे आणि वर येऊन झोपायचे. आणि थंडीची पहिली लाट आली की माझी ताई अंगावर शाल घेऊन, सपाता घालून खाली जायची आणि ती बंद करायची. गार वाऱ्यानं वाइन आंबायची थांबते आणि साखर तशीच आत राहते, हे तिला ठाऊक होतं. एवढी वर्षं हेच. मला ती सांगायची, "ट्राउडल, हा माणूस दार उघडण्यात पटाईत, लावण्यात शून्य." पण त्यांना ती एका शब्दानं बोलली नव्हती. आणि मार्लीसनं तिला दोन-तीनदा जाताना पाहिलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात कडक थंडी पडली. झडप सलग चार दिवस उघडी राहिली. मार्लीसच्या ध्यानात येऊन तिनं ती लावली, तोवर तिसरं पीप गप्प झालं होतं. ते झडपेच्या अगदी समोर.

दाजींना वाटलं, काम पुरं झालं. जानेवारीत त्यांनी पिपातून पेला भरला, घोट घेतला आणि तो तसाच तोंडात धरून उभे राहिले. मग थुंकले. लोथारनं नमुना तपासायला पाठवला. लिटरला चौदा ग्रॅम साखर. आमच्याकडे चारच्या वर आकडा गेला की लोक भुवया उंचावतात.

तळघराची किल्ली दाजींनी ब्रेडच्या पाटावर ठेवली. "आता तूच बघ," ते लोथारला म्हणाले. "माझा हात गेला."

"बाबा, यीस्ट घालून पुन्हा चालू करता येईल."

"मेलेल्याला इंजेक्शन देऊ नये. मेच्या आधी टँकर बोलाव. स्पार्कलिंग वाइनचे कारखानेवाले घेतात असलं काहीही. आपल्या नावानं ती बाटलीत जायची नाही आणि माझ्या अंगणात ती पेल्यात यायची नाही."

गावात गोष्ट लपत नाही. फेरीबोट चालवणारा विनफ्रीड, दाजींचा शाळेपासूनचा दोस्त, एक दिवस दारातूनच ओरडला, "काय रे बुर्कार्ड, मोझेलला राहायला गेलास म्हणे?" एरवी दाजींनी त्याची सात पिढ्यांची बोट बुडवली असती. त्या दिवशी ते नुसते 'हं' म्हणाले आणि पेपर उलटला. मला त्या 'हं'ची भीती वाटली. माणूस भांडायचा थांबला की काय करायचं त्याचं? शिवाय टँकर आला की त्या पिपाबरोबर ताईनं हातानं तोडलेली शेवटची द्राक्षं जाणार होती, कुठल्या तरी कारखान्याच्या टाकीत, दहा गावच्या पाण्यात. ती मला जाऊ द्यायची नव्हती. आणि दाजी पुन्हा तळघराची पायरी उतरणार की बाकीचं आयुष्य पेपर उलटत काढणार, तेही त्या टँकरवरच ठरणार होतं.

एप्रिलच्या शेवटी मी आणि मार्लीस स्वयंपाकघरात शतावरी सोलत बसलो होतो. अंगण उघडायला आठवडा उरला होता, टँकर मंगळवारी यायचा होता. मार्लीस उठली आणि कपाटामागून एक सुरई काढली.

"हे काय गं?"

"तिसरं पीप."

"चोरलीस?"

"माझ्याच घरातून चोरी कशी होईल, मावशी? प्या आणि खरं सांगा."

मी प्याले. आधी दगड लागला, आपला ओळखीचा. मग त्यावरून पिकल्या नासपतीसारखं काहीतरी हळूच सरकलं. वाईट नव्हती. पण नुसती प्यायला ती उगाच मध्ये बोलणाऱ्या पाहुण्यासारखी वाटत होती.

"हिला काहीतरी खायला हवंय बरोबर," मार्लीस म्हणाली. "माहेरी माझे वडील म्हणायचे, गोडव्याला भांडायला कुणीतरी द्यावं."

मग आम्ही दोघी जणी शाळकरी मुलींसारख्या एकेक पदार्थ चाखत सुटलो. शतावरीबरोबर घेतली, तर दोघी गोडच निघाल्या आणि गिळगिळीत झालं. लोणी-कांदा घालून कुस्करलेल्या चीजबरोबर बरी लागली. व्हिनेगरमधल्या सॉसेजबरोबर त्याहून बरी, पण मन भरेना. शेवटी मार्लीसनं मेरेटिख काढलं. मुळ्याच्या जातीतलं हे पांढरं मूळ, आमच्या शेतातलं, किसलं की शेजारच्या घरात शिंका. तिनं किसून सायीत मिसळलं, कालच्या उकडलेल्या बीफच्या तुकड्यावर घातलं आणि मला दिलं. तिखटपणा सरळ नाकात गेला. मी घोट घेतला. आणि नाकातला जाळ अस्सा खाली बसला की मी तिच्याकडे बघतच राहिले.

मार्लीस हसत होती. मग तिनं किसणी खाली ठेवली. "मावशी, बाबांना झडपेचं सांगायचं का?"

"नोव्हेंबरातच सांगणार होते मी. तूच अडवलंस."

"तेव्हा आईला जाऊन महिना झाला नव्हता. ती नाही म्हणून झडप उघडी राहिली, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?"

"आणि न सांगता त्यांचा हात गेला असं त्यांना वाटू द्यायचं, हे बरं?"

तिनं पुढची शतावरी सोलायला घेतली. मी नुसतीच आवाज चढवून बोलत होते.

रविवारी दुपारी मार्लीसनं बीफ उकडलं, मेरेटिखचा सॉस केला, रुंद शेवया आणि लाल आंबट बोरांचा मुरंबा. आमच्याकडे हे लग्नाचं जेवण. लोथार, दाजी, मी आणि ती. टेबलावर पाण्याचा जग नव्हता. माझ्या ते लगेच लक्षात आलं, आणि मी तोंड मिटून घेतलं.

मार्लीसनं पेले भरले. दाजींनी पेला उचललाही नाही, दोन वीत अंतरावरूनच नाक हललं.

"हे तिसरं."

"हो बाबा."

"घेऊन जा."

"नेते. आधी घास खा, गार होतंय."

अन्नाचा अपमान दाजी करत नाहीत. त्यांनी मोठा घास घेतला. मार्लीसनं त्यांच्या ताटात सॉस हात सैल सोडून वाढला होता. दाजींचा चेहरा लाल झाला, डोळे भरून आले, हात टेबलावर जग शोधू लागला. जग नव्हता. पेला होता. दाजी अर्धा पेला एका दमात प्यायले.

लोथार शेवया मोजत असल्यासारखा ताटात बघत होता. दाजींनी श्वास घेतला. मग दुसरा घास घेतला, छोटा, मुद्दाम, सॉसमध्ये घोळवून. आणि घोट. या वेळी तोंडात फिरवून.

"साखर आहे," ते म्हणाले.

"आहे," मार्लीस म्हणाली.

"पण याच्याबरोबर बसते."

"बसते ना?"

"मी आंधळा नाही, मोझेलबाई. बसते म्हटलं ना." त्यांनी पेला खाली ठेवला. "पण बसली म्हणून काय झालं? मी ती केलेली नाही. ती झाली. बावन्न वर्षं जे करत आलो तेच याही वर्षी केलं. तीच द्राक्षं, तेच पीप, तेच हात. काय चुकलं ते मला अजून कळत नाही. ज्याला आपली चूक कळत नाही त्यानं तळघरात जाऊ नये."

आणि इथं माझा ताबा सुटला. मला कुणी दोष दिला तरी चालेल.

"दाजी, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही झडप उघडलीत, नेहमीसारखी. ती लावायची ताई. थंडी पडली की दरवर्षी. या वर्षी लावायला कुणी नव्हतं."

मार्लीसनं डोळे मिटून घेतले. दाजी माझ्याकडे बघत राहिले.

"लिओबा?"

"हो."

"दरवर्षी?"

"तुमच्या लग्नाच्या वर्षापासून. सपाता घालून जायची."

त्यांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला. मग म्हणाले, "मला वाटायचं, ती पाणी प्यायला उठते."

लोथारच्या घशातून विचित्र आवाज आला, हसण्याचा की रडण्याचा देव जाणे. दाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नाक पुसलं. "मूळ फार तिखट आहे," ते म्हणाले. तिखट होतं हे खरं. पण तो घास केव्हाच पोटात गेला होता. मी उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. बावन्न वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं एकमेकांना न टोचता एवढा वेळ बसलो.

"मला सांगितलं का नाही तिनं?"

"तुम्ही विचारलंत कधी?" मी म्हटलं. "आणि सांगितलं असतं तर तुम्ही तिच्याशी भांडला असता. वडिलांनी असंच शिकवलंय म्हणून."

"भांडलो असतो," दाजींनी कबूल केलं. मग त्यांनी ताट पुढं ओढलं, होतं नव्हतं ते सगळं खाल्लं, पेला रिकामा केला आणि लोथारसमोर हात पसरला. लोथारनं खिशातून किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

मंगळवारी टँकर आला. दाजी फाटकात उभे. चालकाला म्हणाले, "पीप विकायचं नाही. तू जेवलास का?" त्याला शतावरी खाऊ घातली, पहिल्या पिपातली एक बाटली दिली आणि रिकामा टँकर परत पाठवला. लोथार दिवसभर कारखान्याला फोनवर माफी मागत होता.

मेमध्ये अंगण उघडलं तेव्हा मार्लीसनं पाटीवर खडूनं लिहिलं: 'तिसरं पीप. फक्त मेरेटिखच्या बीफबरोबर.' आणि दाजींनी ते 'फक्त' फारच मनावर घेतलं. आपले फ्रँकफुर्टचे साहेब शतावरी खाता खाता म्हणाले, "बुर्कार्ड, ती तिसरी पण जरा चाखू दे की." दाजी म्हणाले, "बीफ मागवा." साहेब म्हणाले, "अहो, मी शाकाहारी झालोय या वर्षीपासून." दाजींनी त्यांच्याकडे इतक्या दुःखानं पाहिलं, की आम्हाला वाटलं साहेबांच्या घरीच कुणी गेलं. शेवटी मार्लीसनं त्यांना ब्रेडवर नुसतं किसलेलं मूळ घालून दिलं, सोबत पाव पेला. साहेब शिंकले, रडले आणि आणखी मागितलं.

मागणारे वाढत गेले. माइनच्या पलीकडून लोक येऊ लागले. ज्यांनी जन्मभर कोरडी सोडून दुसरी वाइन ओठाला लावली नव्हती, ते विनफ्रीडच्या बोटीत बसून दाजींची गोडसर सिल्वानर प्यायला येत होते, आणि विनफ्रीड प्रत्येकाला वाटेत सांगत होता की मोझेलला जाण्याचा सल्ला बुर्कार्डला त्यानंच दिला. दाजी टेबलांमधून फिरत होते, नको ते मागणाऱ्यांशी भांडत होते. अंगणात पुन्हा त्यांचा आवाज घुमत होता. मी स्वयंपाकघरात बीफ कापता कापता तो ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं, इतकं की मी कुणाला सांगितलं नाही.

चोवीस जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, आमच्याकडे शतावरी संपते. त्यानंतर ती कापायची नाही, मुळांना विश्रांती द्यायची. त्या दुपारी तिसरं पीपही तळाला लागलं. शेवटचे पाच-सहा पेले दाजींनी स्वतः भरले आणि जुन्या मंडळींच्या टेबलावर नेऊन ठेवले. विनफ्रीडनं आपला रिकामा केला, ओठ पुसले आणि मोठ्यांदा म्हणाला, "बुर्कार्ड, चेष्टा बाजूला ठेव. पुढच्या वर्षी पण अशीच कर. एक नको, दोन पिपं कर."

आजूबाजूची टेबलं 'हो हो' म्हणाली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"नाही," दाजी म्हणाले. "ही पुन्हा करायची तर लिओबाला पुन्हा मरावं लागेल."

दाजींनी विनफ्रीडचा रिकामा पेला उचलला, सदऱ्याच्या बाहीनं त्याच्यापुढचं टेबल पुसलं आणि विचारलं, "आता पहिल्या पिपातली देतो. सॉसेज खाणार की शतावरी?"